सगळ्या सावळ्या बायका ‘विंटर’ कशा झाल्या? पर्सनल कलर अ‍ॅनालिसिसची पार्श्वभूमी

रील्स उघडल्या की हल्ली हेच दिसतं, खिडकीसमोर खुर्चीत बसलेली बाई, केस राखाडी पट्टीत झाकलेले, अंगावर पांढरं कापड, मेकअप पूर्ण पुसलेला, आणि हनुवटीखाली एकामागून एक रंगीत कापडं टाकली जातायत. शेवटी निकाल लागतो. सॉफ्ट समर, ट्रू स्प्रिंग वगैरे. हे सीझन म्हणजे थोडक्यात, चेहऱ्याला शोभणाऱ्या रंगांचे ऋतूंच्या नावाचे चार गट, विंटर-समर थंड म्हणजे निळसर झाकेचे, स्प्रिंग-ऑटम उबदार म्हणजे पिवळसर झाकेचे, आणि ‘डीप’, ‘सॉफ्ट’, ‘ट्रू’ हे त्यांचे पोटभाग. पण भारतीय बाई त्या खुर्चीत बसली की निकाल जवळजवळ ठरलेला असतो, डीप विंटर नाहीतर फार तर डीप ऑटम. रंगाने चार बहिणी चार तऱ्हांच्या असतील तरी चौघींना तेच. हे का होतं याचं उत्तर या पद्धतीच्या इतिहासातच आहे, आणि तो इतिहास खरा सुरू होतो 1980 ला, त्याआधीचं पटकन सांगून टाकते.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा सरकारी कारखाना होता, भिंतीवर लावायचे मोठमोठे विणलेले पडदे तिथे बनायचे. 1824 पासून तिथल्या रंगविभागाचा प्रमुख एक रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्याच्याकडे तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्याने लोकर तपासली, रंग तपासला, दोन्हीत काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा धागा होता म्हणून डोळ्याला तो काळा मरगळलेला दिसत होता. रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो, यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात एक भाग चक्क बायकांच्या कपड्यांवर आहे. गुलाबी कापड गुलाबी गालांना लागून नको, गालांची ताजेपणाची झाक जाते. गालांवर लाली कमी असेल तर फिका हिरवा जवळ धरा, लाली वाढल्यासारखी वाटते. आजचा कुठलाही अ‍ॅनालिस्ट गळ्याशी कापड धरून जे बघतो त्याचं मूळ हेच. फक्त त्याच्यासमोर जे चेहरे होते ते मुख्यतः फ्रेंच गोऱ्या बायकांचे, कोणी सोनेरी केसांची, कोणी काळ्या केसांची, एवढाच फरक.

मग 1856 ला लंडनमध्ये एका अठरा वर्षांच्या पोराने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला आणि त्यानंतर कृत्रिम रंगांचा पूरच आला. याचा संबंध असा की रंग निवडायचा प्रश्न त्याआधी फक्त पैसेवाल्यांचा होता, आता तो सगळ्यांचा झाला.

1919 ते 1923 या काळात जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत एक स्विस चित्रकार शिकवायचा, नंतरही तो शिकवत राहिला. त्याच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांना आवडतील ते रंग जुळवायला सांगितले की ते स्वतःच्या केस-डोळे-त्वचेशी मिळतेजुळते रंग उचलतात. त्याचं मोठं पुस्तक 1961 चं. ऋतूंचे रंगसमूह त्यानेही मांडले पण चित्रकलेसाठी, ब्लाउज घेण्यासाठी नाही. आणि त्याच्याकडेही काळे केस, सावळी त्वचा, काळेभोर डोळे असलेल्या माणसाबद्दल निरीक्षण होतं ते हेच, की अशांच्या रंगसंगतीत काळ्याला मोठी जागा असते. म्हणजे पुढे जे झालं त्याची पावलं पाळण्यात दिसत होती.

कपड्यांसाठी ऋतू वापरले ते कॅलिफोर्नियात, 1940 च्या दशकात, टोप्या आणि कपडे डिझाइन करणाऱ्या एका बाईने. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तिचे ऋतू चारच होते पण प्रत्येकाच्या पोटात ढिगाने उपप्रकार, आणि शेवटी प्रत्येक बाईला तिच्या स्वतःच्या त्वचेवरून, केसांवरून, डोळ्यांतल्या बारीक रेषांवरून जुळवलेली स्वतंत्र कापडपट्टी मिळायची. दुसरीच्या पट्टीशी ती जुळेलच असं नाही. काम वेळखाऊ, महागडं, आणि एका माणसाच्या नजरेवर चालणारं, त्यामुळे ते फार पसरलं नाही.

पसरलं ते 1980 मध्ये आलेल्या ‘कलर मी ब्युटिफुल’ या अमेरिकन पुस्तकामुळे. अमेरिकेत त्या काळात बायका मोठ्या संख्येने ऑफिसात जायला लागल्या होत्या, काय घालायचं हा रोजचा प्रश्न होता, आणि या पुस्तकाने तो पर्समध्ये मावेल एवढ्या कापडांच्या छोट्या पाकिटात सोडवला. घरबसल्या तपासा, चारपैकी एक ऋतू निवडा, पाकीट घेऊन दुकानात जा. प्रती लाखांनी खपल्या, सल्लागार तयार झाल्या, घरोघरी बायकांचे ग्रुप जमवून ड्रेपिंग, म्हणजे गळ्याशी कापडं धरून रंग तपासणं, व्हायला लागलं. त्यातल्या कित्येक जणींचा खरंच फायदा झाला, उगाच घेतलेले कपडे कपाटात पडून राहायचे थांबले, हे कबूल करायलाच हवं.

पण चारात बसवायचं तर काटछाट आली, आणि ती कुठे केली गेली ते बघा. आपली त्वचा थंड की उबदार हा पहिला प्रश्न, आणि ते ठरवताना केस आणि डोळे यांना भरपूर वजन. केस राखी-सोनेरी का मधाळ, डोळे करडे-निळे का हिरवे, बुबुळात कुठल्या रेषा. युरोपीय वंशाच्या बायकांमध्ये हे खरोखर बदलतं म्हणून तिथे चाळणी बरी चालली. आता हीच चाळणी घेऊन साताऱ्याच्या, चेन्नईच्या किंवा नायजेरियातल्या लेगॉसच्या बाईसमोर बसा. केस काळे, डोळे तपकिरी, झाला निकाल, विंटर. काळ्या आणि आशियाई बायकांपैकी बहुतेक जणी विंटरच, असं तेव्हा सरळ सांगितलं गेलं आणि सल्लागारांच्या ट्रेनिंगमध्ये तेच उतरलं. म्हणजे गोऱ्यांसाठी चार खोल्या आणि उरलेल्या अख्ख्या जगाला मिळून एक. याची बाजू घेणारे म्हणतात की हेतू वाईट नव्हता, आणि काळ्या केसांचा चेहऱ्याशी कॉन्ट्रास्ट असतो म्हणून विंटरचे ठळक रंग पेलतात. अर्धं खरं आहे ते. केस काळेभोर आणि चेहरा गोरा असेल तर कॉन्ट्रास्ट असतोच, पण केस काळे आणि चेहराही सावळा असेल तर उलट कॉन्ट्रास्ट कमी होतो, हे साधं गणित कोणी मांडलं नाही.

घोळ आहे तो गडदपणा आणि अंडरटोन, म्हणजे त्वचेची थंड-उबदार झाक, या दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्याचा. त्वचेचा रंग मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य किती यावर जसा ठरतो तसा ते कुठल्या प्रकारचं, खालून रक्ताची लाली किती दिसते, पिवळसर कॅरोटीन किती, यावरही ठरतो. त्यामुळे अगदी एकाच गडदपणाच्या दोन बायका समोरासमोर बसवा आणि दोघींच्या हनुवटीखाली राणी कलरचं कापड धरा. एकीचा चेहरा एकसारखा दिसेल, ओठांची कड स्वच्छ, नजर आधी डोळ्यांकडे जाईल. दुसरीच्या ओठांभोवतीची सावली एकदम वर येईल, डोळ्यांखाली करडं दिसेल, जबड्यावर जांभळट झाक पडेल आणि बघणाऱ्याला आधी कापडच दिसेल. तिलाच मेहंदी किंवा विटकरी धरा, सगळं परत बसतं. 1980 च्या नियमाप्रमाणे या दोघींनाही राणी, शुभ्र पांढरा आणि काळा मिळाला असता, आणि दुसरीने जन्मभर मेहंदी रंग टाळला असता.

मनगटाच्या शिरांची टेस्ट पण याच घरगुती वळणाची. निळ्या दिसल्या तर थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार. शिरेतलं रक्त निळं नसतंच, प्रकाश त्वचेत कसा विखुरतो त्यामुळे शीर तशी दिसते, आणि मेलॅनिन जास्त असेल तिथे ती धड दिसतच नाही. तरी ही टेस्ट आजही प्रत्येक मराठी ब्युटी व्हिडिओत येते. ती सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या बायकांना खरं तर यापेक्षा चांगली पद्धत केव्हापासून येते. साडीच्या दुकानात पदर खांद्यावर टाकून आरशात बघायचं आणि मग ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता साडी घेऊन दारापाशी उजेडात जायचं, ड्रेपिंग याहून काय वेगळं आहे? चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, अबोली, गुलबक्षी, डाळिंबी अशी नावं ज्या भाषेत रोज वापरली जातात तिथे रंगांची नजर नाही असं कोण म्हणेल. आणि ऋतूही आपले वेगळे आहेत. त्यांचा स्प्रिंग म्हणजे पीच आणि कोवळा हिरवा, आपला वसंत म्हणजे पळस, पांगारा, काटेसावर, सगळा लालभडक. त्यांच्या ऑटमचा तो तांबूस-सोनेरी पानांचा देखावा आपल्याकडे शरदात नसतोच.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चाराचे बारा झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन कलाशिक्षकाने रंगाचे तीन गुण वेगळे केले होते, कुठला रंग, किती उजळ-गडद, किती तीव्र, ते आता इथे आणले गेले आणि प्रत्येक ऋतूचे तीन भाग पडले. ही खरी सुधारणा होती. फिक्या, मिसळलेल्या रंगाच्या बायकांना ‘सॉफ्ट’ नावाची जागा मिळाली, तजेलदार रंगाच्या बायकांना ‘ब्राइट’. पण त्यातच ‘डीप’ पण तयार झालं आणि सावळ्या त्वचेला परत नुसत्या गडदपणावरून उचलून डीपमध्ये टाकणं सोपं झालं. सावळी बाई सॉफ्ट असू शकते, ब्राइट असू शकते, पण चार्टवर सॉफ्ट समरचं उदाहरण म्हणून फोटो असतो तो राखी-सोनेरी केसांच्या गोऱ्या बाईचाच, मग अ‍ॅनालिस्टच्या डोळ्यात तेच चित्र बसतं. अमेरिकेत 1990 च्या दशकात कृष्णवर्णीय बायकांनी ही नाराजी उघड मांडली, ऋतूंची नावं बाजूला ठेवून स्वतःच्या रंगांची वेगळी पुस्तकं काढली. ती मुख्य प्रवाहात फार आली नाहीत हे वाईट झालं.

कॅमेऱ्याचाही यात हात आहे. फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला जे नमुना कार्ड असायचं त्यावर कित्येक दशकं गोऱ्या बाईचाच फोटो होता, वेगवेगळ्या वर्णाच्या बायकांचं कार्ड 1990 च्या दशकात आलं. ज्या पिढीने सावळ्या चेहऱ्याचे रंग फोटोत करडे-मातकट बघितले तिलाच ‘तुला फिके रंग चांगले दिसत नाहीत’ असं सांगितलं गेलं.

मग काही वर्षं हे सगळं अमेरिकेत जुनाट वाटायला लागलं. जिवंत ठेवलं ते जपान आणि कोरियाने. जपानमध्ये यलो बेस-ब्लू बेस हे शब्द मेकअप काउंटरवर सर्रास झाले, आणि कोरियात 2010 नंतर वॉर्म टोन-कूल टोन हे लिपस्टिकच्या डब्यांवर छापून यायला लागलं. सोलमध्ये स्टुडिओ गल्लोगल्ली झाले, टुरिस्ट रांगा लावायला लागले, तिथून टिकटॉकवर गेलं, आणि आपल्याकडे टिकटॉक 2020 ला बंद झालं तरी रील्समधून ते आलंच. मुंबई-पुण्यातही आता हे करून देणाऱ्या आहेत.

कोरियन वळणातून एक गोष्ट सोबत आली जी मला खटकते. तिथे बरेचदा कसोटी अशी असते की कापड धरल्यावर चेहरा उजळ दिसतो का. जुन्या कसोटीत प्रश्न होता चेहरा एकसारखा दिसतो का, सावल्या कमी होतात का, नजर चेहऱ्यावर जाते का कापडावर. उजळ दिसणं आणि एकसारखं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या समाजात तर हा फरक फार जपायला हवा. लग्नाच्या जाहिरातीत गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे सगळे शब्द फक्त किती उजळ एवढंच मोजतात. गोरेपणाचं ते प्रसिद्ध क्रीम 1975 ला बाजारात आलं आणि नावातला ‘फेअर’ जायला 2020 उजाडलं. अशा ठिकाणी ‘या रंगात तू दोन शेड उजळ दिसतेस’ हे वाक्य कलर अ‍ॅनालिसिस म्हणून विकलं जात असेल तर ते त्याच क्रीमचं काम करतंय.

संशोधन म्हणाल तर थोडंच आहे. 2021 ला स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून कपड्याचा रंग निवडायला सांगितलं, फिकट चेहऱ्यांना लोकांनी निळ्याकडचे आणि उन्हाने रापलेल्यांना लाल-नारिंगीकडचे रंग जास्त दिले, म्हणजे लोकांची पसंती अगदीच वाऱ्यावर नसते. पण ते सगळे चेहरेही युरोपीय वंशाच्या बायकांचेच होते.

आता फोटो टाकला की सीझन सांगणारी अ‍ॅप्स आहेत, एआयला विचारणाऱ्याही खूप आहेत. फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार फोटोतले रंग किती पिवळे-निळे करायचे ते, स्वतःच ठरवतो, पिवळ्या बल्बखाली काढलेली सेल्फी तो थंड करून टाकतो, ब्युटी फिल्टर त्वचा आधीच गुळगुळीत आणि फिकी करतो, त्यामुळे एकाच बाईला सकाळी ऑटम आणि संध्याकाळी विंटर मिळणं साहजिक आहे. आणि ज्या त्वचेत हिरवट झाक असते, जिला ऑलिव्ह म्हणतात आणि जी आपल्याकडे भरपूर सापडते, ती थंड-उबदार या विभागणीत धड कुठेच बसत नाही. काही अ‍ॅनालिस्ट आता तिला वेगळी धरायला लागल्यात, बाकीच्या अजून तिला पिवळसर समजून उबदार ठरवतात आणि मोहरी-केशरी हातात देतात, ज्यात ती आजारी दिसते. त्यामुळे कोणाकडे पैसे भरायच्या आधी त्यांनी ड्रेप केलेल्या सावळ्या बायकांचे बिनफिल्टरचे फोटो मागून बघा, आणि त्या सगळ्या एकाच सीझनच्या निघाल्या तर दुसरीकडे जा.