नावातून गळालेले ‘व्हेजिटेबल’

विप्रो हा मुळात संक्षेप आहे, आणि तो करताना एक शब्द गळाला. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदवलेल्या कंपनीचे नाव होते वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. ‘वेस्टर्न’, ‘इंडिया’ आणि ‘प्रॉडक्ट्स’ यांच्या खुणा नव्या नावात राहिल्या, ‘व्हेजिटेबल’ गेले. कारखाना अमळनेरला. खान्देशात भुईमूग पिकत होता, गावातून सुरत-भुसावळ रेल्वे जात होती. सुरुवातीचा माल म्हणजे ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि तेलाच्या जोडधंद्यातून निघणारा ‘७८७’ हा कपड्यांचा साबण.

गळालेला शब्द दिसतो तितका साधा नाही. व्हेजिटेबल म्हटले की भाजी आठवते, वनस्पती म्हटले की झाडपाला. डब्यात दोन्ही नव्हते. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मुरवला की ते गोठते. बेताबेताने थंड केले तर रवा धरते, आणि तो रवाळपणा पाहूनच घरोघर त्याला तूप म्हणू लागले. वाण्याच्या यादीत ‘वनस्पती तूप’, बोलण्यात सरसकट ‘डालडा’, मग डबा कुणाचाही असो. आपला माल दुसऱ्याच्या नावाने मागितला जातो, हे दुखणे या धंद्यात सगळ्यांनाच होते.

खरा वाद रंगाचा. साजूक तुपात वनस्पती मिसळली तर नुसत्या नजरेला कळत नसे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत एका बाजूची मागणी बंदीची होती. दुसरी बाजू म्हणे, निदान रंग तरी द्या. रतनजोतीची, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीची, चर्चा झाली. पण आचेवर टिकेल, पोटाला बाधणार नाही आणि भेसळखोराला काढून टाकता येणार नाही असा रंग सापडत नाही, हे उत्तर पुन्हा पुन्हा मिळत गेले. हाती उरली ती तिळाची खूण. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे होते. संशयित तूप परीक्षानळीत घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल हे रसायन घालून हलवायचे. तिळाचा अंश असेल तर आम्लाचा थर गुलाबी होतो. युक्ती नामी, पण ती प्रयोगशाळेतल्या माणसासाठी. चुलीपुढे डबा उघडणाऱ्या बाईला आतले पूर्वीइतकेच पांढरे दिसत राहिले. कारखानदारांना हे सोयीचे पडले, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

कंपनीचे संस्थापक मोहम्मद हशम प्रेमजी ऑगस्ट १९६६ मध्ये वारले. मुलगा अझीम कंपनीपेक्षा जेमतेम पाच महिन्यांनी मोठा. एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून परतला. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने त्याला, हे तुला झेपायचे नाही, शेअर विकून मोकळा हो, असे सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने विकले नाहीत. ज्या अमळनेरकरांनीही विकले नाहीत त्यांचे नशीब कसे फळफळले, हे खान्देशात सांगायला नको.

१९७७ मध्ये कंपनी विप्रो प्रॉडक्ट्स झाली, १९८२ मध्ये नुसती विप्रो. तोवर कंपनीच्या धंद्यात संगणक आले होते. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी मालाचा धंदा वेगळा काढून शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीकडे दिला गेला. म्हणजे ज्या धंद्यासाठी अमळनेरला चिमणी उभी राहिली, तोच घराबाहेर पडला आणि बाजारातला शेअर सॉफ्टवेअरचा उरला. जुलै २०१९ अखेर अध्यक्षपद अझीम प्रेमजींच्या थोरल्या मुलाकडे गेले, ही तिसरी पिढी.

जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीची, मर्यादा २ टक्क्यांवर आली. वनस्पतीच्या जुन्या घडणीवर तो घावच होता. त्याच वर्षी डिसेंबरात वेगळ्या काढलेल्या कंपनीने ‘निरापरा’ हा मसाल्यांचा आणि तांदळाच्या पिठांचा ब्रँड घेतला, आणि एप्रिल २०२३ मध्ये ‘ब्राह्मिन्स’. म्हणजे पुन्हा खाण्याचा माल, पुन्हा पाकिटे. दोन्ही ब्रँड केरळचे. भुईमुगाचा इथे काही संबंध नाही.