रूळ एका प्रमाणात, डबा दुसऱ्या

ब्रिटनमधल्या 'ओओ' मॉडेल रेल्वेच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. ओओचं प्रमाण १:७६.२, म्हणून त्याला ७६.२ ने गुणलं की १२५७ मिमी येतात. खरे रूळ १४३५ मिमीचे, म्हणजे मॉडेलचे १२.४ टक्के अरुंद. गुणाकार बरोबर आहे, घोळ जुना आहे.

१९२२ मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने टेबलावर मावणारी रेल्वे काढली. तेव्हाच्या शून्य नंबर गेजच्या (गेज म्हणजे रुळांमधलं अंतर; इथे ३२ मिमी) निम्मी, सुमारे १६ मिमीची. पुढे १६.५ मिमी रूढ झाले. युरोपात त्यावर खऱ्या एका फुटाला ३.५ मिमी, म्हणजे १:८७ हे प्रमाण बसलं. १४३५ ला ८७ ने भागा, १६.५ च येतात. हेच 'एचओ'. ब्रिटिश इंजिनं मात्र मुळात अंगाने लहान. त्या काळची मोटर त्यांच्या कवचात मावेना. मग कवच फुटाला ४ मिमी केलं आणि रूळ होते तसेच ठेवले. १९३८ च्या हॉर्नबी डब्लो या मॉडेल रेल्वेने ही तडजोड घरोघरी नेली. १९६० च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिमीचे अचूक रूळ आणले, पण बाजार १६.५ वरच राहिला.

एचओचा नकाशा ओओसाठी मोठा करताना झेरॉक्सवर ११४.३ टक्के (४ भागिले ३.५) लावतात. परत लहान करताना अनेकजण १४.३ वजा करून ८५.७ लावतात, तिथेच फसतं. हवे ८७.५, कारण आता टक्के मोठ्या मापाचे काढायचे आहेत. २४५ मिमीचा डबा २८० होऊन परत येतो तो २४० चा. खऱ्या डब्यात सुमारे ४४ सेंटिमीटर गायब!

आपल्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची बॉडी २१,३३७ मिमी लांब. मॉडेल २४५ मिमी भरलं तर भागाकार ८७.१, प्रमाण पक्कं. प्रमाण ताडायला नेहमी सगळ्यात लांब माप घ्यावं. मोजताना अर्धा मिमी चुकला तर २४५ मध्ये ०.२ टक्के फरक पडतो, ८ मिमीच्या दारात सहा टक्क्यांहून जास्त. चाकांवरून प्रमाण काढायला मात्र जाऊ नये: रुळावरून घसरू नयेत म्हणून त्यांच्या कडा मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात. भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मिमी १:८७ मध्ये १९.३ व्हायला हवेत. बहुतेक मॉडेलं तयार मिळणाऱ्या १६.५ च्याच रुळांवर धावतात, त्यामुळे समोरून पाहिलं की डबा बारीक पायांवर उभा दिसतो.