रॅपला पाणी का सुटतं?

घरी केलेला ‘एशियन’ चिकन सॅलड रॅप ऑफिसच्या डब्यात न्यायचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. (ठाणंही आशियातच आहे, पण मेनूकार्डाच्या लेखी एशियन म्हणजे सोया सॉस आणि तीळ.) रात्री सगळं कालवून पोळीत गुंडाळलं, सकाळी नौपाड्यातून निघालो आणि दुपारी ऐरोलीत डबा उघडला, तर पोळी भिजून फाटलेली आणि डब्याच्या तळाशी तपकिरी पाणी.

कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं. ते पेशींमध्ये दाबून भरलेलं असतं म्हणून कोबी कुरकुरीत लागतो. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीच्या पडद्यातून पाणी बाहेर झिरपतं. हाच परासरणाचा खेळ. आता गंमत अशी, की सोया सॉसमध्ये साधारण १५ टक्क्यांच्या वर मीठ असतं. मी मीठ घातलंच नव्हतं, पण सॉस रात्रभर तेच काम करत होता.

मग उलटंच करायचं. पाणी सुटणारच असेल तर आपण आधीच काढून घ्यावं. पाव किलो बारीक चिरलेल्या कोबीला चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं ठेवायचं आणि मुठीत घट्ट पिळायचं. पेशींमधलं पाणी गेलं तरी त्यांच्या भिंती शाबूत राहतात, त्यामुळे कोबी मऊ पडला तरी चावताना करकरतो. काकडी घ्यायची तर बियांचा गर काढून. चोचवलेली काकडी इथे नकोच.

चिकनची तक्रार नेमकी उलटी, तिथे पाणी आत राहायला हवं. छातीच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन उलगडून घट्ट होऊ लागतं, तोवर मांस रसाळ असतं. ६५ अंशांच्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही बिघडायला लागतं, तंतू आवळतात आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं. जंतूंसाठी मांसाच्या मधोमध ७४ अंश गाठायलाच हवेत, त्यात काटकसर नाही. पण त्यापुढचं प्रत्येक मिनिट निव्वळ तोटा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून तीन शिट्ट्यांनंतर हाती येते ती सुतळी. त्यापेक्षा पाणी खळखळू न देता मंद आचेवर शिजवावं, थर्मामीटर टोचून बघावा आणि जरा निवल्यावर हातानं तंतू सोडवावेत. कच्चं चिकन नळाखाली धुवू नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

सोया सॉस आणि चिकनचं एवढं का जमतं? १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून त्याला चव देणारं ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. ग्लुटामेट सोया सॉसमध्ये भरपूर, तर चिकनमध्ये असतं इनोसिनेट, तेही उमामी चवीचंच. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेहून कितीतरी जास्त वाढते. म्हणून सॉस बेतानंच पुरतो. त्यात लिंबू, किसलेलं आलं, दाण्याचं कूट आणि शेवटी तिळाचं तेल. भाजक्या तिळाचा वास उडून जाणारा, म्हणून ते तेल तापवू नये.

पोळीला आतून दाण्याच्या कुटाची तेलकट पेस्ट लावली की ओलावा लवकर आत शिरत नाही. तरी मी आता सारण वेगळ्या डब्यात नेतो, बर्फाच्या पाकिटासकट. अमेरिकी कृषी खात्याचा नियम आहे: शिजलेलं चिकन दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. ठाण्याच्या मे महिन्यात तो तास लोकलची वाट बघण्यातच जातो.

पिळलेलं कोबीचं पाणी फेकत नाही. त्यातच कणीक भिजवतो, वेगळं मीठ न घालता.