युरोपात रेल्वेनं फिरायचंय? फर्स्ट का सेकंड ते शेवटी, आधी पास, व्हिसा अन् कागदपत्रं

युरोपला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो म्हणजे फर्स्ट क्लास घेऊ का सेकंड. मागच्या महिन्यात प्रतापनगरातल्या आमच्या ओळखीच्या काकांनीही हेच विचारलं, अन् मी म्हटलं काका, ते सगळ्यात शेवटी ठरवू, आधी हे पाहू की तुमच्या घरातले कोण कोण कुठे राहतात. कारण काका-काकू नागपूरहून जाणार होते अन् मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत आहे, तो तिथून त्यांना जॉईन होणार होता, अन् तिघांना एकच पास मिळेल असं ते धरून चालले होते. तसं होत नाही.

युरोपभर चालणारा रेल्वे पास दोन नावांनी मिळतो, युरेल अन् इंटररेल. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे पाहत नाहीत, तुम्ही राहता कुठे हे पाहतात. म्हणजे काका-काकूंना युरेल अन् मुलाला भारतीय पासपोर्ट असूनही इंटररेल, अन् त्याच्याकडे तिथे राहत असल्याचा पुरावा हवा. शिवाय इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात त्या पासवर एकच जाण्याचा अन् एकच परतीचा प्रवास मिळतो, त्यामुळे मुलाला जर्मनीत आई-बाबांसोबत चार दिवस फिरायचं असेल तर त्याची तिकिटं वेगळी काढावी लागतील. हे बुकिंगच्या आधी कळलं तर बरं असते.

आता वयाचं पाहू. १२ ते २७ वयाला यूथ पास स्वस्तात मिळतो, ६० अन् त्यावरच्यांना सिनियरची १० टक्के सूट आहे, ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्या माणसासोबत फुकट, एका मोठ्यामागे दोन मुलं. पण फुकट म्हणजे पास काढायचाच नाही असं नाही हं, मुलाचा शून्य रुपयांचा पास मोठ्यांच्या पाससोबत त्याच ऑर्डरमध्ये टाकावा लागतो, अन् सीटचं रिझर्वेशन घेतलं तर त्याचे पैसे मुलाचेही लागतात. वय मोजतात ते पास सुरू होण्याच्या दिवशीचं, घेतला त्या दिवशीचं नाही.

पासवर नाव पासपोर्टवर आहे तसंच पाहिजे. आपल्या मराठी माणसांचा घोळ इथेच होतो, कारण पासपोर्टमध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव अन् वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असते अन् आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत एक, आधारवर दुसरं, लग्नानंतरचं तिसरंच, असं आपल्याकडे चालून जाते. माझ्या सासूबाईंच्या आधारवर सासऱ्यांचं नाव मध्ये होतं अन् पासपोर्टवर नव्हतं, मी आधार समोर ठेवून फॉर्म भरत होते, पैसे भरायच्या आधी लेकीनंच विचारलं आई आजीचं नाव इथे वेगळं का आहे. तेव्हापासून मी एकच नियम पाळते, फॉर्म भरताना टेबलावर फक्त पासपोर्ट. गाडीत टीसी मोबाईलवरचा पास पाहून पासपोर्ट मागू शकतो अन् दोन्हीकडचं नाव जुळावं लागते.

पासपोर्टच नसेल तर आधी ते काम. ३६ पानांच्या साध्या अर्जाला १५०० रुपये फी आहे, तत्काळला त्यावर २००० आणखी. जुना असेल तर तारखा पाहून घ्या, शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला हवा, तिथून निघाल्यावर पुढे निदान ३ महिने चालणारा हवा, अन् दोन पानं कोरी हवीत.

अन् व्हिसा हे खरं मोठं काम आहे, त्याचा गाड्यांशी किती संबंध आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. युरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो अन् शेंगेन व्हिसा २९ देशांत, पण या दोन याद्या सारख्या नाहीत. ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया, बोस्निया, तुर्की हे पासमध्ये आहेत अन् शेंगेनमध्ये नाहीत. म्हणजे पास आहे म्हणून पॅरिसहून युरोस्टारनं लंडनला जाऊन येऊ असं म्हणाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, अन् लंडनहून परत पॅरिसला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा पाहिजे, सिंगल एंट्री असेल तर एकदा बाहेर पडलात की संपलं. त्यामुळे आधी कागदावर गाड्यांचा मार्ग काढा अन् मगच व्हिसाचा फॉर्म उघडा, उलटं करू नका.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचाही नियम आहे, जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो अन् शेवटची मुदत १५ दिवस आधीची, पण शेवटच्या दिवसांवर कोणीही राहू नये, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात अन् काही केसेसमध्ये ४५ पर्यंत जातात, शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, ६ च्या खाली काहीच नाही, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. जून २०२४ पासून हे दर आहेत, त्याआधी ८० होते, म्हणून जुने व्हिडिओ पाहून हिशेब करू नका.

फाईलमध्ये आम्ही लावलेले कागद असे: भरलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिमीचे फोटो, पासपोर्ट अन् जुना असेल तर तोही, ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स (याच्याशिवाय अर्ज पुढे जातच नाही), विमानाचं बुकिंग, हॉटेलं, बँकेचं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, लेकीचा जन्मदाखला अन् शाळेचं पत्र. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतेच. प्रत्येक देशाची यादी थोडी थोडी वेगळी असते, आपल्या देशाची यादी प्रिंट काढून एकेक टिक करत जा.

यात रेल्वेवाल्यांसाठी एक खास गोष्ट आहे अन् ती मला फाईल लावताना रात्री अकरा वाजता दिसली. आमच्या प्लॅनमध्ये एक रात्र गाडीतली होती, व्हिएन्नाहून संध्याकाळी बसायचं अन् सकाळी झुरिकला उतरायचं, त्यामुळे हॉटेलांच्या बुकिंगमध्ये एक तारीख रिकामी दिसत होती. फाईल पाहणाऱ्याला वाटेल ही चार माणसं त्या रात्री झोपणार कुठे. मग कव्हर लेटरमध्ये दिवसाप्रमाणे तक्ता केला, तारीख, कुठून कुठे, गाडी, रात्रीचा मुक्काम, अन् त्या तारखेसमोर स्पष्ट लिहिलं की मुक्काम रात्रीच्या गाडीत. तुमच्याही प्लॅनमध्ये अशी रात्र असेल तर हे नक्की करा.

बायोमेट्रिकसाठी आम्हाला मुंबई गाठावी लागली. विदर्भ एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालो, सकाळी सीएसएमटी, काम करून रात्रीच्या गाडीनं परत. सासूबाईंचं वय पाहता अपॉइंटमेंट दुपारची घेतली, म्हणजे गाडी लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. १२ वर्षांच्या खालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत अन् मोठ्यांचे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

व्हिसा हातात आला की मग पास. ग्लोबल पास दोन तऱ्हेचे आहेत, एक सलग दिवसांचा अन् दुसरा फ्लेक्सी, म्हणजे एका महिन्यात ४, ५ किंवा ७ प्रवासाचे दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५. आपल्यासारख्या दोन आठवडे फिरणाऱ्यांना फ्लेक्सी पुरतो, कारण रोज काही आपण शहर बदलत नाही. घेतल्यापासून ११ महिन्यांत सुरू करायचा असतो. अन् एक प्रामाणिक सल्ला, तीनच मोठे प्रवास असतील अन् तारखा पक्क्या असतील तर पास घेऊच नका, आधीपासून काढलेली साधी तिकिटं बरेचदा स्वस्त पडतात, फक्त ती त्याच गाडीला बांधलेली असतात अन् पैसे परत मिळत नाहीत.

नुसतं स्वित्झर्लंड करायचं असेल तर स्विस ट्रॅव्हल पास पाहा. तो स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो, ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा, त्यात गाड्यांसोबत बस, बोटी अन् ५०० च्या वर म्युझियम येतात, १६ च्या खालची मुलं फॅमिली कार्डवर पालकांसोबत फुकट. पण युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनला पूर्ण फुकट नेत नाही, २५ टक्के सूट देतो, हे टूरवाले सांगताना जरा पुसट सांगतात.

आता जिथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती गोष्ट. आपल्याकडे तिकीट काढलं की त्यावर डबा नंबर, बर्थ नंबर सगळं एकाच कागदावर येते, म्हणून पास घेतला म्हणजे जागा मिळाली असं डोक्यात पक्कं बसते. तिकडे पास म्हणजे फक्त प्रवासाची परवानगी, जागा वेगळी. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत रिझर्वेशन न करता चढून रिकाम्या सीटवर बसता येते. पण फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा, स्पेनच्या एव्हीई या वेगवान गाड्यांना, युरोस्टारला अन् जवळपास सगळ्या रात्रीच्या गाड्यांना रिझर्वेशन सक्तीचं आहे अन् त्याचे पैसे पासव्यतिरिक्त. देशातल्या देशात बहुतेक १० ते २० युरोच्या आसपास, युरोस्टारला त्याहून जास्त. चार माणसं अन् पाच गाड्या धरा, किती होतात पाहा, म्हणून हा खर्च पासच्या किमतीत आधीच धरून चला.

अन् काही आंतरराष्ट्रीय गाड्यांत पासवाल्यांचा कोटा असतो. आमच्या पहिल्या ट्रिपला मी दोन आठवडे आधी रिझर्वेशन करायला बसले तर गाडीत सीटा होत्या पण पासवाल्यांच्या संपल्या होत्या, चौघांची पूर्ण भाड्याची तिकिटं काढावी लागली अन् पासचा एक दिवस तसाच राहिला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते, तिकडे बऱ्याच गाड्यांचं तीन-चार महिने आधीच उघडलेलं असते. व्हिसा लवकर काढा म्हणते ते यासाठीच.

आता काकांचा क्लास. तिकडचा फर्स्ट म्हणजे आपला फर्स्ट एसी नव्हे, पडदा-कूपे-बर्थ असं काही डोळ्यासमोर आणू नका. दोन्ही क्लास बसण्याचेच असतात, सेकंडमध्ये बहुतेक दोन अन् दोन सीटा, फर्स्टमध्ये दोन अन् एक, पाय पसरायला थोडी जास्त जागा अन् गर्दी कमी. पास साधारण पाव पटीनं महाग पडतो. चार-पाच तासांच्या प्रवासाला सेकंड अगदी चांगला आहे, माझ्या सासूबाई ६३ च्या, त्यांनी सगळा प्रवास सेकंडमध्ये केला अन् कुरकुर केली नाही. फर्स्ट घ्यावा कोणी, तर ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे किंवा जे जुलै-ऑगस्टच्या गर्दीत रिझर्वेशन नसलेल्या गाड्यांनी फिरणार आहेत त्यांनी, कारण तेव्हा सेकंडमध्ये उभं राहायची वेळ येऊ शकते.

रात्रीच्या गाडीत मात्र क्लासपेक्षा जागेचा प्रकार महत्त्वाचा. ऑस्ट्रियाच्या नाईटजेट या रात्रीच्या गाड्यांत मुख्य प्रकार तीन, साधी सीट, कुशेट अन् स्लीपर. नाव ऐकून आपण स्लीपर म्हणजे स्वस्त समजतो पण तिकडे स्लीपर सगळ्यात महाग आहे, एक ते तीन बेडची खोली अन् आत बेसिन. कुशेट म्हणजे आपल्या थ्री एसीसारखा चार किंवा सहा बर्थचा कूपा, दार लागते, उशी-चादर मिळते, सकाळी दोन पाव, लोणी-जॅम अन् कॉफी. आम्ही चौघं होतो म्हणून चार बर्थचा कूपा आमचाच झाला, लेक शिडीनं वर चढली, सासूबाई खाली, रात्री आतून कडी लावली अन् झोपलो. एकट्या बाईनं जायचं असेल तर फक्त बायकांचा कूपा मागता येतो, बुकिंगच्या वेळीच निवडायचा. साधी सीट घेऊ नका, रात्रभर बसून दुसरा दिवस वाया जातो.

रात्रीच्या गाडीचा फ्लेक्सी पासमध्ये एक फायदा आहे, गाडी निघाली तो एकच दिवस खर्ची पडतो, जरी सकाळी दुसऱ्या तारखेला उतरलो तरी. पण उतरून पुढे दुसरी गाडी धरली तर तो नवा दिवस मोजला जातो. अन् पोहोचायच्या दिवशीही पासची मुदत चालू पाहिजे.

प्रवासाच्या दिवशी युरेल-इंटररेलच्या रेल प्लॅनर ॲपमध्ये पास उघडायचा, त्या दिवसाची गाडी ट्रिपमध्ये टाकायची, पासला जोडायची, मग क्यूआर कोड तयार होतो तो टीसीला दाखवायचा. गाडीत चढायच्या आधी हे झालं पाहिजे. घरातल्या सगळ्यांचे पास एकाच मोबाईलवर ठेवता येतात पण एक पास एका वेळी एकाच मोबाईलवर राहतो, म्हणून तो मोबाईल ज्याच्याकडे आहे त्याच्यासोबतच सगळ्यांनी राहायचं अन् पॉवर बँक विसरायची नाही.

अन् हल्दीरामची संत्रा बर्फी तिकडच्या नातेवाइकांसाठी बॅगेत टाकायची असेल तर थांबा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे अन् मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, अन् बर्फीत खवा असतो. आम्ही चिवडा नेला.