स्पिनोझामताची मरणोत्तर वाटचाल

डच तत्त्वज्ञ बारूख (बेनेडिक्ट) स्पिनोझा (१६३२–१६७७) याच्या निधनानंतर त्याच्या विचारांचा यूरोपात झालेला धिक्कार आणि स्वीकार. सुमारे शंभर वर्षे ‘स्पिनोझावादी’ हा शब्द शिवीसारखाच वापरला गेला. १७८५ नंतर जर्मनीत वारे फिरले. ‘ईश्वर अथवा निसर्ग’ हे एकच द्रव्य (स्वतःच्याच आधारे असणारे मूलतत्त्व) आहे, या त्याच्या मूळ सिद्धान्ताचे विवरण येथे केलेले नाही.

स्पिनोझा २१ फेब्रुवारी १६७७ रोजी हेग येथे वारला. चरित्रकार कोलेरस (१७०५) सांगतो, की हस्तलिखिते असलेले लिहिण्याचे मेज घरमालकाने नावेतून ॲम्स्टरडॅमच्या रीउवर्त्स या प्रकाशकाकडे रवाना केले. त्यात पैसे असावेत, या समजुतीने नातलग ते कोणाकडे गेले याचा तपास करीत होते. मित्रांनी त्याच वर्षाअखेरीस ऑपेरा पोस्थुमा हा लॅटिन संग्रह आणि त्याचे डच भाषांतर छापले. मुखपृष्ठावर लेखकाची केवळ आद्याक्षरे होती. हॉलंडच्या प्रांतसभेने २५ जून १६७८ रोजी त्यावर बंदी घातली.

त्यातील एथिका या प्रमुख ग्रंथाच्या संहितेविषयी मतभेद आहेत. डच भाषांतरात लॅटिनपेक्षा काही जादा शब्द आढळतात. संपादक कार्ल गेपहार्ट याने ते स्पिनोझाच्या आधीच्या खर्ड्यातले मानून १९२५ च्या आवृत्तीत संहितेत घेतले. अभ्यासक आकरमन यांच्या मते ती भाषांतरकारांची भर आहे. स्पिनोझाच्या हयातीत तयार झालेली या ग्रंथाची हस्तलिखित प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात लीन स्प्राउट आणि पिना तोतारो या संशोधकांना सापडली व २०११ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यावर ग्रंथाचे नाव नाही, कर्त्याचेही नाही. ती पीटर व्हान गेंट याच्या हातची असून स्पिनोझाचा स्नेही चिर्नहाउस याने इटलीत नेली असावी. स्पिनोझाचा जुना परिचित, डॅनिश शरीरशास्त्रज्ञ आणि पुढे कॅथलिक बिशप झालेला स्टेनो याने ती २३ सप्टेंबर १६७७ रोजी रोमच्या धर्मन्यायपीठाकडे (इन्क्विझिशन) सोपवली. म्हणजे मूळ ग्रंथ छापून येण्याआधीच त्याच्यावरची फिर्याद दाखल झाली होती. या प्रतीचा पाठ मुद्रित लॅटिनशी बहुतांशी जुळतो, त्यामुळे आकरमन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढच्या काळात बहुतेकांना स्पिनोझा कळला तो फ्रेंच विचारवंत पिएर बेल याच्या कोशातील (१६९७) प्रदीर्घ नोंदीमुळे. माणूस सदाचारी, मत मात्र घातक, असा बेलचा निवाडा होता. सर्व काही ईश्वराचेच विकार (त्या एकाच द्रव्याने घेतलेली रूपे) असतील, तर जर्मनांनी तुर्कांना मारले असे न म्हणता जर्मनरूपी ईश्वराने तुर्करूपी ईश्वराला मारले असे म्हणावे लागेल, हा त्याचा आक्षेप. तो चटकदार आहे, पण द्रव्य आणि त्याचे विकार यांतला स्पिनोझाने केलेला भेद त्यात पुसला जातो. मूळ ग्रंथ न वाचता हाच आक्षेप पुढे पुष्कळांनी घोकला, हे स्पिनोझावर अन्यायकारक होते.

जर्मन नाटककार व विचारवंत लेसिंग याने १७८० मध्ये स्वतः याकोबीशी बोलताना स्पिनोझामत मान्य केले, असे जर्मन तत्त्वज्ञ याकोबी याने लेसिंगच्या मृत्यूनंतर, १७८५ मध्ये जाहीर केले. लोक स्पिनोझाविषयी मेलेल्या कुत्र्याविषयी बोलावे तसे बोलतात, हे लेसिंगचे उद्गार याच वृत्तान्तातले. तत्त्वज्ञ मेंडेल्सझोनने आपला मित्र लेसिंग याची बाजू सावरली. लेसिंगची कबुली कितपत गंभीर होती यावर एकमत नाही. वृत्तान्त एकट्या याकोबीचा असल्याने तो जपूनच स्वीकारावा. याकोबीला स्पिनोझावाद म्हणजे निरीश्वरवाद हे दाखवायचे होते, घडले उलटेच. हेर्डर आणि गटे या जर्मन साहित्यिकांनी स्पिनोझाला आपलेसे केले, कवी नोव्हालिसने त्याला ‘ईश्वराने धुंद झालेला’ म्हटले. स्पिनोझामतात ईश्वर नाकारलेला नसून जगच नाकारलेले आहे, हे तत्त्वज्ञ मायमोनचे म्हणणे हेगेलनेही मांडले. मॅक्स म्यूलरने स्पिनोझाच्या द्रव्याची शांकर वेदान्तातील ब्रह्माशी केलेली तुलना या वाचनाला जवळची आहे. मात्र स्पिनोझाच्या लेखी विकार मिथ्या नाहीत, म्हणून ती तुलना फार ताणू नये.

विसाव्या शतकात आइन्स्टाइनने (१९२९) आपला ईश्वर स्पिनोझाचा असल्याचे सांगितले; फ्रान्समध्ये देल्यूझ, आल्त्यूसर या तत्त्वज्ञांनी नवे अन्वयार्थ लावले. यूरोपीय प्रबोधनाच्या (एन्लाइटनमेंट) जहाल प्रवाहाचा उगम स्पिनोझात शोधणारे इतिहासकार जोनाथन इझ्राएल यांचे मत (२००१) प्रभावी ठरले, तरी एकाच विचारवंताला इतके श्रेय देणे अनेक इतिहासकारांना मान्य नाही.

ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने २७ जुलै १६५६ रोजी स्पिनोझावर घातलेला बहिष्कार उठवावा, अशी मागणी इझ्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्यापासून होत आली. २०१३ मध्ये तेथील धर्मगुरूंनी ती अमान्य केली. त्याने लिहिलेले कोणी वाचू नये, हे त्या बहिष्कारपत्राच्या अखेरीचे कलम त्यामुळे अद्याप रद्द झालेले नाही.