लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतील गळती

लैंगिक अत्याचाराची घटना घडल्यापासून आरोपी दोषी ठरेपर्यंत प्रकरणे टप्प्याटप्प्याने प्रक्रियेबाहेर पडत जातात. गुन्हेशास्त्रात याला गळती म्हणतात. तक्रार न होणे, तक्रार होऊनही गुन्हा न नोंदला जाणे, आरोपपत्र दाखल न होणे, फिर्यादीने माघार घेणे, साक्षीदार फितूर होणे आणि शेवटी निर्दोष सुटका, असे तिचे टप्पे आहेत. लोकांच्या नजरेत भरते ती फक्त सुटका, कारण निकालाची बातमी होते. पोलीस ठाण्याच्या दारातून परत पाठवलेल्या बाईची होत नाही.

किती गळती होते हे ‘दोषसिद्धीचे प्रमाण’ या आकड्यावरून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार भारतात बलात्काराच्या खटल्यांत हे प्रमाण २०१८ मध्ये २७.२ टक्के आणि २०१९ मध्ये २७.८ टक्के होते. हा हिशेब त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांपुरता असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९–२० या वर्षात पोलिसांकडे बलात्काराचे ५५,१३० गुन्हे नोंदले गेले, खटले २,१०२ आणि दोषसिद्धी १,४३९. खटल्यांच्या मानाने पाहिले तर दर तीन खटल्यांमागे दोहोंत शिक्षा, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या मानाने पाहिले तर तीन टक्केही नाही. (एका वर्षातले गुन्हे आणि त्याच वर्षातले निकाल ही एकच प्रकरणे नसतात, तरी अंदाज यायला एवढे पुरे.) तिथे चाळणी सरकारी वकिलाच्या टेबलावर लागते आणि न टिकणारे प्रकरण न्यायालयात जातच नाही. भारतात तपास संपलेल्या बहुतेक प्रकरणांत आरोपपत्र दाखल होते आणि पडझड पुढे साक्षीच्या वेळी होते. त्यामुळे दोन देशांच्या टक्केवारीची तुलना बहुधा फसवी असते.

पुराव्याची अडचण खरी आहे. घटना एकांतात घडते, शरीरसंबंध झाला हे आरोपी अनेकदा नाकारतच नाही आणि वाद उरतो तो संमतीचा. गुन्हा संशयातीत सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो आणि तो तसाच असायला हवा. मात्र चोरीच्या खटल्यात फिर्यादीने वस्तू राजीखुशीने दिली नव्हती ना, असे कोणी सहसा विचारत नाही. इथे तोच मुख्य प्रश्न होतो आणि उत्तर शोधले जाते ते आरोपीच्या नव्हे, फिर्यादीच्या वागण्यात.

हा अविश्वास जुना आहे. सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या मते बलात्काराचा आरोप करणे सोपे, तो सिद्ध करणे अवघड आणि निर्दोष माणसाला तो खोडून काढणे त्याहून अवघड. हे लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये छापले गेले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या न्यायाधीश ज्यूरीला तेच ऐकवत राहिले. दुजोऱ्याशिवाय फिर्यादीच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे, ही सक्तीची सूचना इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने गेली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या प्रकरणात पीडितेची एकटीची साक्षही, ती विश्वासार्ह असल्यास, पुरेशी असल्याचे ठासून सांगितले. पण ‘विश्वासार्ह’ कोणाला म्हणायचे? गळतीचा बराचसा भाग याच एका शब्दात दडलेला आहे.

अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, तक्रार उशिरा दिली: अविश्वासाची ही नेहमीची कारणे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडले. जखमा नसणे आणि विरोधाच्या खुणा नसणे हे तिच्याविरुद्ध गेले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात ‘संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास तसे गृहीत धरण्याची तरतूद आली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९९ मध्ये घट्ट जीन्स घालणारीच्या मदतीशिवाय ती उतरत नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क लढवला होता. पुढे त्याच न्यायालयाला तो सोडून द्यावा लागला.

शरीर मात्र कायद्याच्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही. स्टॉकहोममधील उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्याचे सांगितले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये बल्गेरियाविरुद्धच्या निकालात प्रतिकाराचा पुरावा मागणारी पद्धत चुकीची ठरवली. स्वीडनने २०१८ मध्ये स्वेच्छा नसलेला संबंध म्हणजे बलात्कार अशी व्याख्या केली. तिथे २०१७ मध्ये १९० असलेल्या दोषसिद्धी २०१९ मध्ये ३३३ झाल्या.

तपासातील ढिलाई सगळीकडे सारखी आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात २००९ मध्ये पोलिसांच्या गोदामात वैद्यकीय पुराव्याचे ११ हजारांहून अधिक संच न तपासता पडलेले सापडले. भारतात स्त्री शरीरसंबंधाला सरावलेली आहे का हे पाहणारी, वैज्ञानिक आधार नसलेली ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये झिडकारावी लागली.

साक्षीदार फितूर का होतात याचे उत्तर आरोपीच्या ओळखीत आहे. भारतातील दहापैकी नऊहून अधिक नोंदलेल्या प्रकरणांत तो नातलग, शेजारी, मित्र किंवा अन्य परिचित असतो. खटला वर्षानुवर्षे चालतो, तोवर रोज त्याच गल्लीतून ये-जा करायची, त्यात घरच्यांचा ‘मिटवून टाका’ असा आग्रह. फौजदारी खटल्यात पीडिता पक्षकार नसते, ती सरकारची साक्षीदार असते आणि उलटतपासणीत बहुधा एकटी पडते. मोठ्या शिक्षेने हे बदलत नाही. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर कायद्यातील बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये फाशीची शिफारस केली नव्हती, हे यामुळेही विचारात घ्यावे.

प्रत्येक सुटका म्हणजे व्यवस्थेचे अपयश असेही नाही. पळून गेलेल्या जोडप्यावर आईवडिलांनी घातलेले गुन्हे न्यायालयात कोसळतात, तेही याच आकड्यांत मिसळलेले असतात.

काही घटना पहिल्या पायरीवरही पोहोचत नाहीत. लग्न करताना पत्नीने कायमची संमती दिलेली असते, हा विचारही हेल यांचाच. इंग्लंडमध्ये तो १९९१ मध्ये न्यायालयाने मोडीत काढला. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीपुरता हा अपवाद कायम आहे, त्यामुळे अशा घटना बलात्कार म्हणून नोंदल्याच जात नाहीत.