छाटलेल्या फांदीला डांबर फासू नका

सोलापुरात गुलमोहराची किंवा बहाव्याची फांदी छाटली की लगेच कापावर डांबर, गेरू नाहीतर ऑइलपेंट फासतात. ‘उघडी जखम कुजते, झाड मरतं’ असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली झाडं खराब होतात, म्हणून हा खुलासा.

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कापामागे आतून भिंत घालतं, कूज तिथंच अडवतं आणि वरून नवी साल चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून हे दाखवलं. लेपाने कूज थांबत नाही. उलट आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात थराला तडे जातात, पावसाचं पाणी आत शिरतं आणि ओल कोंडते.

खरं महत्त्व काप कुठे घेता याला. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचं सुजल्यासारखं कडं असतं. हात फिरवला तरी कळतं. काप त्याच्या अगदी बाहेरून घ्या. कडंच कापलं तर भिंत घालणारा भागच जातो. लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. जड फांदीला आधी खालून थोडी करवत लावा, नाहीतर ती तुटताना खोडाची साल ओरबाडून नेते.

मग डाळिंबाच्या बागेत छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) लावतात ते? ते रोगाच्या जंतूंसाठी, जखम भरावी म्हणून नाही. अंगणातल्या जास्वंदीला, कण्हेरीला, तगरीला स्पिरिटने पुसलेली धारदार कात्री पुरते.